वीजमीटरपासून नाकपुडीपर्यंत: लहान मुलांचा घरचा ऑक्सिजन

ऑक्सिजनचं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) चालू आहे, हिरवा दिवा लागला आहे, बाटलीत बुडबुडे येताहेत, आणि तरीही बाळाचा ऑक्सिजन ८६ वर आलेला. अशा वेळी घरातलं कुणीतरी घाबरून मशीनची चकती फिरवतं आणि प्रवाह वाढवतं. कारण मात्र अनेकदा दुसरीकडेच असतं: नळीचं टोक नाकातून निघून गालावर आलेलं असतं, जोडणी सैल झालेली असते, किंवा मशीनमधून बाहेर पडणारी हवाच पुरेशी शुद्ध नसते. मशीन चालू असणं आणि मुलाला ऑक्सिजन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखात ऑक्सिजनची वाट विजेच्या मीटरपासून नाकपुडीपर्यंत आणि नाकाच्या पुढे घशापर्यंत पाहू. वाटेत तो कुठे गळतो, कुठे अडतो आणि त्यावर काय करायचं, हे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या हवामानात आणि घरांत लागू पडेल अशा रीतीने सांगितलं आहे.

ऑक्सिजन कुणाला आणि किती

घरी ऑक्सिजन लागणाऱ्या मुलांत मोठा गट अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा असतो. नवजात अतिदक्षता कक्षात बरेच दिवस काढल्यावरही त्यांची फुप्फुसं पूर्ण तयार झालेली नसतात. दुसरा गट फुप्फुसांच्या इतर जुनाट आजारांचा आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेल्या मुलांचा. नंदुरबार पट्ट्यात, विशेषतः अक्कलकुवा आणि धडगावकडे, सिकलसेलची मुलंही असतात, आणि त्यांतल्या ज्यांचा ऑक्सिजन कायम फार कमी राहतो त्यांना तो लागू शकतो.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१९ मध्ये मुलांच्या घरच्या ऑक्सिजनवर मार्गदर्शक सूचना काढल्या. एक वर्षाखालच्या बाळात ९० किंवा त्याखाली आणि त्यापुढच्या मुलात ९३ किंवा त्याखाली संपृक्तता (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), तीही नोंदीच्या ५ टक्के वेळ किंवा वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या तीन मोजण्यांत, तर ऑक्सिजन कमी आहे असं धरावं, असं त्यात म्हटलं आहे. एकाच घाईच्या मोजणीवर मशीन घरी आणायचं नाही आणि एकाच चांगल्या आकड्यावर ते काढायचंही नाही, हा त्यातला कामाचा भाग.

‘जास्त दिला तर काय बिघडेल’ असं वाटणं साहजिक आहे. ऑस्ट्रेलियात ३५८ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एका गटाची संपृक्तता ९१ ते ९४ आणि दुसऱ्याची ९५ ते ९८ ठेवली होती. वरच्या गटाची वाढ किंवा विकास काही जास्त झाला नाही, फक्त ती मुलं जास्त दिवस ऑक्सिजनवर राहिली. उलट बाजूचा पुरावा त्याहून जुना, १९८७ चा आहे: फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या ज्या बाळांचा ऑक्सिजन घरी लवकर काढून टाकला गेला, त्यांचं वजन वाढायचं मंदावलं. म्हणजे कमी दिला तर बाळ वाढत नाही, आणि उगाच जास्त दिल्याने फायदा नाही. कितीही आणि केव्हाही असं हे औषध नाही. त्याचाही डोस ठरलेला असतो.

म्हणून दवाखान्यातून निघताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: प्रवाह किती, दिवसाचे किती तास (झोपेत, दूध पिताना आणि जागेपणी वेगळा असेल तर तसं), संपृक्तता कोणत्या आकड्यांच्या मध्ये ठेवायची, आणि कोणत्या आकड्याखाली किती वेळ गेली की निघायचं. प्रवाह नेहमी मिलीलिटरमध्येही लिहून घ्या. मिनिटाला ०.२५ लिटर यातला टिंब पुसट झाला की २५ किंवा २.५ वाचलं जातं. ‘२५० मिली’ असं लिहिलं की चूक होत नाही. आकड्यांची मर्यादा प्रत्येक मुलाची वेगळी असते, हेही ध्यानात ठेवा. जन्मतः हृदयदोष असलेल्या काही निळ्या मुलांत ७५ ते ८५ हाच त्यांचा नेहमीचा आकडा असतो, आणि हृदयाला मोठं छिद्र असलेल्या काही मुलांना जादा ऑक्सिजनने त्रास वाढतो. शेजारच्या बाळाचा आकडा आपल्या बाळाला लावू नका.

बाळ ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाल्याची नोंद फाइलमध्ये आहे का ते पाहा. पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि फारच लहान बाळांत दोन ते तीन आठवड्यांतच.

आकडा खरा आहे का

ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा, बोटाला लावायचा मोठ्या माणसाचा चिमटा सहा महिन्यांच्या बाळाच्या बोटावर बसतच नाही. उजेड आत शिरतो आणि मशीन मनाला येईल तो आकडा दाखवतं. बाळासाठी गुंडाळायचा प्रोब घ्या. तो पायाच्या अंगठ्यावर किंवा तळपायाच्या कडेने असा बांधा की लाल दिवा आणि त्याचा सेन्सर समोरासमोर येतील. पाय गार असेल तर आधी चोळून ऊब आणा. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरी जागा घ्या.

आकडा लिहिण्याआधी नाडीचा आकडा पाहा. छातीवर हात ठेवून किंवा स्टेथोस्कोपने मोजलेले ठोके आणि मशीनवरचे ठोके जवळपास जुळत नसतील, तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. बाळ शांत असताना किमान एक मिनिट स्थिर राहिलेला आकडाच वहीत लिहा. गडद त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे; म्हणून काठावरच्या ९१-९२ वर समाधान मानू नका, मुलाकडेही पाहा. प्रोबची जागा दर चार तासांनी बदला, नाहीतर नाजूक कातडीला चट्टा पडतो.

सिलिंडर की कॉन्सन्ट्रेटर

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन बनवत नाही. तो खोलीतली हवा ओढतो, झिओलाइटच्या दाण्यांमधून दाबाने ढकलतो, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेली हवा साधारण ९० ते ९६ टक्के ऑक्सिजनची होऊन बाहेर येते. या दाण्यांचे शत्रू दोन: ओल आणि धूळ.

बाळासाठी पाच लिटरचं, म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं मशीन पुरतं. ‘मोठं घेतलं म्हणजे बरं’ हा विचार इथे उलटतो, कारण दहा लिटरच्या काही मॉडेलांत किमान प्रवाहच एक-दोन लिटर ठेवावा लागतो आणि बाळाला हवा असतो पाव लिटर. पाच लिटरच्या मशीनच्या काचेवरही बहुधा अर्ध्या लिटरच्या खालच्या खुणा नसतात. त्यासाठी वेगळा लो-फ्लो मीटर लावावा लागतो, ज्यावर १०० मिलीपासून खुणा असतात. तो नसेल तर अर्धा लिटर आणि शून्य यांच्या मध्ये अंदाजाने मीटरमधली प्रवाह दाखवणारी गोळी धरू नका, दवाखान्यातूनच मागा. मीटर वाचताना तो उभा हवा, डोळा गोळीच्या पातळीवर हवा, आणि आकडा गोळीच्या मधोमध वाचायचा.

श्वास ओढल्यावरच फुंकर सोडणारी खांद्यावरची पोर्टेबल मशीनं छोट्या बाळांना चालत नाहीत. बाळाचा श्वास इतका हलका असतो की मशीनला तो कळतच नाही. ‘१ ते ७ लिटर’ लिहिलेल्या स्वस्त मशीनांपासूनही सावध राहा. त्यांतल्या अनेकांत प्रवाह वाढवला की शुद्धता खाली येते.

२०२१ च्या कोरोना लाटेत घेतलेली आणि दान मिळालेली बरीच मशीनं गावोगावी पडून आहेत. ती वाईट आहेत असं नाही, पण वर्ष-दोन वर्षं बंद राहिलेल्या मशीनच्या झिओलाइटने हवेतली ओल शोषलेली असू शकते. असं मशीन बाळाला लावण्याआधी तंत्रज्ञाकडून ऑक्सिजन ॲनालायझरने तपासून घ्या, आणि तेही ठरलेल्या प्रवाहावर अर्धा तास चालवल्यानंतर. शुद्धता ८५ टक्क्यांच्या खाली आली तर ते बाळाचं मशीन नव्हे. रोज वापरात असलेलं मशीनही दर तीन ते सहा महिन्यांनी असंच तपासा. अनेक मशीनांचा शुद्धतेचा भोंगा ८२ टक्क्यांच्या आसपास वाजतो. म्हणजे भोंगा गप्प आहे याचा अर्थ ९३ टक्के मिळतंय असा होत नाही.

सिलिंडर मात्र घरात हवाच, मशीन कितीही चांगलं असलं तरी. आपल्याकडे बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर आणि जम्बो म्हणजे डी टाइपमध्ये साधारण ७००० लिटर वायू असतो. हिशोब सोपा आहे: लिटर भागिले मिनिटाचा प्रवाह. अर्ध्या लिटरवर बी टाइप ३००० मिनिटं, म्हणजे ५० तास पुरतो. पाव लिटरवर त्याच्या दुप्पट. काटा निम्म्यावर आला की वेळही निम्मी. काटा शून्यावर येईपर्यंत वापरू नका. पाव भाग उरला की भरायला पाठवा, कारण रात्री दोन वाजता धडगावच्या डोंगरात भरलेला सिलिंडर मिळत नाही.

मेडिकल ऑक्सिजनच्या सिलिंडरचं अंग काळं आणि खांदा पांढरा असतो. नवा आला की रंग आणि चिठ्ठी दोन्ही पाहा. रेग्युलेटर लावण्याआधी तोंड कुणाच्याही अंगावर नाही अशा दिशेने धरून चावीने व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. मग वॉशर जागेवर आहे ना ते पाहून रेग्युलेटर हाताने बसवा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा. इथे तेल, ग्रीस, व्हॅसलीन, तेलकट हात काहीही चालत नाही. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल लागलं की ते पेटू शकतं. आवळूनही फुसफुस होत असेल तर वॉशर बदलायचा. वर सुतळी किंवा साधी टेप गुंडाळायची नाही. सिलिंडर भिंतीला साखळीने किंवा दोरीने बांधून उभा ठेवा.

वीज

पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ-साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशेच्या आसपास. बिलाची तयारी आधीच ठेवा, म्हणजे बिल वाचवण्यासाठी मशीन बंद करायची वेळ येणार नाही.

घर शेतात असेल आणि वीज शेतीपंपाच्या फीडरवरची असेल, तर ती दिवसातून ठराविक तासच येते. अशा घरात कॉन्सन्ट्रेटरवर भरवसा ठेवून बाळ घरी नेऊ नका. ऑक्सिजन लागेपर्यंतचे महिने गावठाणातल्या घरी, मामाकडे, कुणाकडेही राहता आलं तर बघा. नाहीतर जम्बो सिलिंडर मुख्य आणि मशीन जोडीला, असा उलटा हिशोब करा. हे डॉक्टरांना सुट्टी देतानाच सांगायचं, नंतर नव्हे.

इन्व्हर्टर घ्यायचा तर प्युअर साइन वेव्हचा आणि किमान एक केव्हीएचा घ्या, कारण मशीनचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर बराच जास्त भार घेतो. १५० एएचची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात अकराशे-बाराशे देते. म्हणजे तीन तास, आणि बॅटरी जुनी असेल तर दोनच. या तीन तासांत सिलिंडर जोडायला भरपूर वेळ मिळतो, पण रात्रभर झोपायला नाही. व्होल्टेज १८० च्या खाली जात असेल तर एक केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा. मशीन भिंतीतल्या सॉकेटला थेट जोडा. त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर किंवा मिक्सर नको.

उन्हाळा, धूळ, धूर

बहुतेक मशीनं ४० अंशांपर्यंतच्या खोलीत चालण्यासाठी बनवलेली असतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. अशा खोलीत मशीन गरम होऊन बंद पडतं, किंवा चालू राहूनही शुद्धता घसरते, आणि ती घसरण दिसत नाही म्हणून जास्त धोक्याची. मशीन घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याच्या किंवा गादीच्या आड नाही. धाब्याचं घर उन्हाळ्यात थंड राहतं हा मोठा फायदा, पण वरून मातीचे कण पडत असतात. मशीनवर थेट कापड टाकायचं नाही, त्याने हवा कोंडते. छताखाली चादर ताणून बांधा. कूलरच्या ओल्या झोताच्या तोंडाशीही मशीन ठेवू नका. कूलर बाळाच्या खोलीत असेल तर मशीन शेजारच्या खोलीत ठेवून नळी आत घ्या. पंधरा मीटरपर्यंतची नळी सहसा चालते. लांब नळी लावल्यावर शेवटच्या टोकाला प्रवाह येतो का ते एकदा तपासा.

बाहेरचा जाळीदार फिल्टर एरवी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवतात. खानदेशात काही ठिकाणी हा हिशोब बदलावा लागतो. जिनिंगजवळच्या घरात कापसाचा फुंका जाळीवर थर धरतो, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला राख असते, नंदुरबारात मिरची वाळवायच्या पथारीजवळ हंगामात हवेतच तिखट असतं. तिथे दर दोन दिवसांनी धुवा, आणि जास्तीची एक जाळी घेऊन ठेवा म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरी लागते. ओली जाळी बसवणं सगळ्यांत वाईट. पथारीचा हंगाम असताना बाळाला त्या बाजूला ठेवूच नका. ज्याची फुप्फुसं आधीच नाजूक त्याच्या श्वासनळ्या मिरचीच्या धुळीने आकसतात, आणि त्यावर ऑक्सिजन हा उपाय नव्हे.

आग ही वेगळी गोष्ट. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या जवळ साधी ठिणगी भडका होते. चूल, गॅस, निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, विडी हे सगळं बाळापासून आणि नळीपासून किमान दहा फूट लांब. श्रावणात कानबाई घरी बसते आणि दिवा रात्रभर तेवतो. त्या रात्री बाळाची खोली वेगळी ठेवा, देवीचं दर्शन दारातून घडवा. हिवाळ्यात शेतात भरताची वांगी काड्यांवर भाजतात तिथे बाळाला नेऊच नका, ऑक्सिजन सुरू असो वा नसो, कारण तिथला धूर आणि ठिणग्या दोन्ही त्याला नकोत. मशीन बंद केल्यावरही अंथरुणात ऑक्सिजन मुरलेला असतो; वीस-तीस मिनिटं कपडे आणि गोधडी मोकळी करून मगच जवळ दिवा आणा. नाकाजवळ व्हॅसलीन, बाम, खोबरेल, कापराचं तेल लावू नका. नाक कोरडं पडलं तर पाण्याचं जेल किंवा मिठाच्या पाण्याचे थेंब वापरा. आजीला मालिश करायची असेल तर हात पुसून, आणि चेहरा सोडून.

बाटली, नळी, नाक

बाळाला लागणाऱ्या कमी प्रवाहाला बुडबुड्यांची बाटली सहसा लागत नाही. नाकच हवा ओलसर करतं. बाटली लावली की तिच्या झाकणातून गळती होण्याची शक्यता वाढते, आणि पाणी बदललं नाही तर जंतू वाढतात. डॉक्टरांनी सांगितली असेल तर डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत भरा, रोज बदला, बाटली धुऊन वाळवा. बोअरचं पाणी क्षारांनी नळी बुजवतं.

गळती शोधायची युक्ती अशी: बाळाच्या जागी नळीचं नाकाकडचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर वाट मोकळी आहे. नाही आले तर मागे मागे जा: कॅन्युला (नाकात बसणारी दोन टोकांची नळी) आणि लांब नळीचा सांधा, बाटलीचं झाकण, बाटलीचा मशीनशी असलेला सांधा. एकेक सांधा अंगठ्याने बंद करा. मशीनच्या बाजूला गोळी खाली आली तर तिथपर्यंत गळती नाही, गोळी हलली नाही तर गळती त्याच्या अलीकडेच आहे. नळी खाटेच्या पायाखाली किंवा दाराच्या फटीत चेपली गेली आहे का, तेही पाहा.

कॅन्युला मापाची हवी. अपुऱ्या दिवसांच्या, नवजात, बाळाच्या आणि मुलाच्या अशी वेगवेगळी मापं मिळतात. नाकातली टोकं नाकपुडीच्या अर्ध्याहून जास्त जागा व्यापणार नाहीत इतकीच जाड हवीत. टोकं खालच्या बाजूला, म्हणजे घशाकडे वळलेली असतात. उलटी बसवली की हवा कपाळाकडे जाते. गालावर आधी हायड्रोकोलॉइडची (कातडी जपणारी चिकट) पातळ पट्टी, त्यावर नळी, त्यावर टेप लावायची. टेप रोज बदलायची असली तरी खालची पट्टी तीन-चार दिवस राहू शकते, आणि कातडी सोलत नाही. कॅन्युला आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, आणि कडक किंवा पिवळी पडली की फेकून द्या. नळी कपड्याच्या आतून पाठीमागून घेऊन पायाकडून बाहेर काढा. मोकळी नळी गळ्याभोवती फिरण्याचा धोका खरा आहे, विशेषतः बाळ पालथं पडायला लागलं की.

नाकाच्या पुढे: जबडा आणि घसा

इथपर्यंत सगळं ठीक असूनही झोपेत आकडा पडतो, मूल घोरतं, मध्येच श्वास थांबतो, दचकून पुन्हा सुरू होतो. मग अडचण नळीत नाही, घशात आहे, आणि अनेकदा तिचं मूळ जबड्यात असतं.

जन्मतःच खालचा जबडा फार लहान आणि मागे असलेल्या काही बाळांची जीभ मागे पडून श्वासाची वाट अडवते. अशा बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवायचं असेल तर ते डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे आणि निगराणीखालीच. मोठ्या मुलांत आपल्याकडे दिसणारं कारण वेगळं आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरून, ओट्यावरून, सायकलवरून मूल हनुवटीवर पडतं, हनुवटीला दोन टाके पडतात आणि सगळे विसरून जातात. पण हनुवटीवर बसलेला मार कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. तिथला हाडाचा गोळा मोडला असेल आणि तोंड आठवड्यांवर बंद ठेवलं गेलं, तर सांधा हाडाने जुळून येतो. कानाच्या जुन्या संसर्गानेही असं होतं. लहान वयात हा सांधा गोठला की खालच्या जबड्याची वाढ थांबते, हनुवटी मागे राहते, जिभेला जागा उरत नाही आणि झोपेत श्वास अडतो.

म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाला फक्त टाके घालून घरी आणू नका. दोन्ही सांध्यांचा एक्स-रे करायला सांगा. जबडा फार दिवस बांधून ठेवायचा नसतो, डॉक्टर सांगतील तसं लवकर हलवायला सुरुवात करायची असते. घरी तपासणी सोपी आहे: मुलाची स्वतःची तीन बोटं उभी त्याच्या समोरच्या दातांमध्ये बसायला हवीत. दोनच बसत असतील, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, किंवा मूल भाकरी सोडून पातळ वरणच मागायला लागलं असेल, तर तोंडाच्या शल्यचिकित्सकाकडे न्या.

अशा मुलाला नुसता ऑक्सिजन दिला तर आकडा सुधारतो, म्हणून सगळ्यांना बरं वाटतं. धोका तिथेच आहे. वाट बंदच असते, कार्बन डायऑक्साइड आत साठत राहतो, सकाळी डोकं दुखतं, दिवसा मूल पेंगतं, शाळेत मागे पडतं. काही मुलांत ऑक्सिजनमुळे श्वास थांबण्याचा काळ लांबतो. त्याला झोपेची तपासणी हवी, गरजेप्रमाणे दाबाची हवा देणारं यंत्र हवं, आणि जुळलेलं हाड मोकळं करण्याची किंवा जबडा लांबवण्याची शस्त्रक्रिया हवी. तोंड न उघडणाऱ्या मुलाला भूल देणं अवघड असतं, त्यामुळे हे काम बालभूलतज्ज्ञ आणि लवचीक दुर्बीण असलेल्या ठिकाणीच व्हावं. शस्त्रक्रियेनंतर खरी परीक्षा घरी असते. तोंड उघडण्याचा व्यायाम महिनोन्‌महिने, दिवसातून अनेकदा करावा लागतो. आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा दातांमध्ये ठेवून डॉक्टर सांगतील तसा काही दिवसांनी एक काडी वाढवायची. एक काडी साधारण दोन मिलिमीटरची असते, म्हणजे प्रगती मोजताही येते. रडतंय म्हणून व्यायाम सोडला की सांधा पुन्हा गोठतो.

जबड्याची आणखी एक गोष्ट ऑक्सिजनवरच्या मुलांच्या घरी माहीत असावी. उलटीवर दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडने काही मुलांचा जबडा अचानक आवळतो किंवा वाकडा होतो, मान मागे ताणली जाते, डोळे वर जातात, मात्र मूल शुद्धीवर असतं. हे फिट नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. औषधाची बाटली घेऊन लगेच दवाखान्यात जा. इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात सुटतं. वर्षाखालच्या बाळाला हे औषध देऊच नये. आणि ज्या मुलाचा जबडा मेंदूच्या इजेमुळे आवळतो, त्याला भरवताना धातूचा चमचा नको. तो चावला गेला की ओढू नका, मान थोडी पुढे घ्या, थांबा, पकड आपोआप सुटते.

रात्री आकडा पडला तर

आधी मूल पाहा, मशीन नंतर. ओठ निळे, बरगड्यांखाली खड्डे, नाकपुड्या फुललेल्या, कण्हणं, दूध न पिणं, उठवूनही न उठणं, यांतलं काहीही असेल तर बिघाड शोधत बसू नका. सिलिंडर लावा, डॉक्टरांनी अशा वेळेसाठी लिहून दिलेला प्रवाह ठेवा, १०८ ला फोन करा. मूल ठीक दिसत असेल तर क्रमाने: प्रोब पुन्हा बांधा, टोकं नाकात आहेत का पाहा, नाक शेंबडाने भरलं असेल तर मिठाच्या पाण्याने साफ करा, पेल्यात बुडबुडे पाहा, मीटर पाहा. दोन-तीन मिनिटांत सापडलं नाही तर सिलिंडरवर जा. सिलिंडरवर आकडा सुधारला तर दोष मशीनमध्ये, नाही सुधारला तर मुलात आहे, निघा.

ही कसरत घरातल्या किमान दोघांना दिवसाउजेडी, लाइट बंद करून, एकदा करून बघायला लावा. चावी सिलिंडरला दोरीने बांधून ठेवा.

प्रवासात सिलिंडर गाडीत बांधलेला, खिडकी थोडी उघडी, विडी-सिगारेट बंद. तोरणमाळसारख्या हजार मीटरवरच्या ठिकाणी जायचं असेल तर तिथे हवा विरळ असल्याने आकडा थोडा खाली येईल. आधी विचारून मगच जा.

कमी करताना

बाळ वजन घेऊ लागलं की ऑक्सिजन कमी करण्याची वेळ येते, आणि ती घरच्यांनी ठरवायची नसते. जागेपणी ९६ दिसतं म्हणून काढलेला ऑक्सिजन झोपेत आणि दूध पिताना कमी पडतो. बहुतेक ठिकाणी आधी जागेपणी, मग दुपारच्या झोपेत, सर्वांत शेवटी रात्री काढतात, आणि प्रत्येक टप्प्यावर रात्रभराची नोंद पाहतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत घरी नोंदवलेले संपृक्ततेचे आकडे डॉक्टरांकडे पोहोचवल्यावर मुलं साधारण तीन आठवडे आधी ऑक्सिजनमधून बाहेर आली. आपल्याकडे ती यंत्रणा नसली तरी वही आहे. रोज तीच वेळ, झोपेत एकदा, दूध पिताना एकदा, जागेपणी एकदा, आणि आठवड्याचं वजन. ऑक्सिजन कमी केल्यावर पुढचे दोन आठवडे वजन थांबलं तर आकडे चांगले असले तरी डॉक्टरांना सांगा.

पूर्ण सुटल्यावरही मशीन आणि सिलिंडर किमान तीन महिने घरातच ठेवा, आणि सुटका पावसाळ्यानंतर झाली असेल तर हिवाळा संपेपर्यंत. एका साध्या सर्दीने अशा बाळाला पुन्हा काही दिवस ऑक्सिजन लागू शकतो. तेवढ्या काळात महिन्यातून एकदा मशीन तासभर चालवा म्हणजे आतल्या दाण्यांत ओल मुरत नाही. मग शुद्धता तपासून, जाळी धुऊन, नवी कॅन्युला जोडून ज्या बाळाला लागणार आहे त्याच्या घरी द्या, आणि लो-फ्लो मीटर सोबत द्यायला विसरू नका.